काखेत ब्रेड, हातात डबा

आमच्या आख्ख्या वस्तीवर पावाची पारख माझ्याइतकी कुनालाच न्हाई. लेकीच्या बेकरीत पयल्याच दिवशी मी पावाचा तुकडा म्हनून काउंटर पुसायचा पिवळा स्पंज उचलला, आन जावयानं मनगट धरलं म्हनून चावायचा राहिला.

जावई सज्जन मानूस. हसला न्हाई. नुसतं म्हनला, "मामा, तो न्हाई, ह्यो घ्या," आन खरा पाव हातात दिला. मी बी मागं हटनारा न्हाई. म्हनलं, "मला म्हाईत हाय वो. मी बघत हुतो, तुमचा पाव स्पंजाइतका मऊ हाय का न्हाई." जावई व्हय म्हनला. लेक आत भट्टीपशी हुती, ती मातर तितनंच वरडली, "आबा, स्पंज खाली ठिवा, तो कालपास्नं धुतला न्हाई."

बेकरी मिरजगावात हायवेच्या कडंला. टायर पंक्चरच्या दुकानाला लागून एक गाळा हाय, त्यात. लेक आन जावई पुन्यात हुते बरीच वर्सं. जावई तिथं बेकरीत कामाला, लगीन झाल्यावर लेक बी त्याच बेकरीत लागली. मला तर वाटतं, बघायला आलं तवा तिनं पोरगा बघितलाच न्हाई, नुसता वास घेतला आन व्हय म्हनली. मंग दोघांच्या मनात आलं, किती दिस दुसऱ्याची भट्टी फुकायची. होतं नव्हतं ते घातलं आन हितं यिऊन दुकान टाकलं.

सकाळच्या पारी भट्टी तापली की वास हायवे वलांडून पलीकडं जातो. टेम्पोवाले गाडी हळू करत्यात. काचंच्या कपाटात लादी पाव, गोल बन, लसून घातलेला लांबडा पाव, खारी, टोस्ट. आन खालच्या फळीवर लेकीचा नवा उद्योग, ज्वारीचं पीठ मिसळलेला पाव. वरनं जरा रांगडा, आतनं मऊ. काउंटरवर स्टीलचे डबे, त्यात पावाला लावायचं. जावई त्याला स्प्रेड म्हनतो. मी लावायचं म्हनतो. एकात पांढरं लोनी, एकात लसनाची चटनी, एकात लोन्यात घोटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, आन एका डब्यात शेंगदाने आन गूळ वाटून केलेलं. त्या शेवटच्या डब्याला लेक कुनाला हात लावू देत नव्हती. त्याची गोष्ट पुढं येती.

आता अडचन सांगतो. आमच्याकडं ब्रेड म्हंजी आजाऱ्याचं खानं. वडापाव खातो की आमी, पन तितं खायचा असतो वडा, पाव नुसता धराय असतो, हात तेलकट हू नये म्हनून. नुसता ब्रेड घरात आनून, सगळे चांगले धडधाकट असताना बसून खायचा, असं कोन करत न्हाई. स्टँडवर एखाद्याच्या हातात ब्रेडचा पुडा दिसला की मानूस नमस्कार करायच्या आधी इचारतो, "कोन हाय दवाखान्यात?" आन कोन तरी असतंच. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं न्हाई, आन भाकर घिऊन बी जायचं न्हाई. ब्रेड, बिस्किटचा पुडा, दुधाची पिशवी, हे घिऊन जायचं. 

त्यामुळं लेकीच्या दुकानात लोक यायचे, वास घ्यायचे, लई भारी म्हनायचे, उभ्या उभ्या खारी खाऊन चहा पिऊन जायचे. घरी न्ह्यायला ब्रेड कोन घिईना. एका मास्तरानं घेतला, तर शर्टाच्या आत घालून न्हेला. जावई म्हनला, "सर, पिशवी देतो की." तर म्हने, "नको, उगं वाटंत इचारत बसतेत."

पन लेकीला गावाचं तितकं न्हवतं. तिचा जीव अडकला हुता तिच्या आईपशी. माझी कारभारीन बेकरीच्या उद्घाटनाला आली, दारात पानी शिंपडलं, लेकीच्या तोंडावरनं हात फिरवला, पन पावाला शिवली न्हाई. म्हनली, आज माझी पौर्निमा हाय, उपास हाय. पुढच्या हप्त्यात लेकीनं घरी पाव पाठवला, तवा बी पौर्निमा. त्याच्या पुढच्या हप्त्यात बी पौर्निमाच. इतक्या पौर्निमा आभाळाला बी झेपायच्या न्हाईत. लेक मला म्हनायची, "आबा, सगळ्या तालुक्यानं खाल्लं आन आईनं न्हाई खाल्लं, तर मी भट्टी पेटवून काय करू?"

आन कारभारनीचं बी चुकत नव्हतं. ते कळायला मागं जावं लागंल.

आमी ऊसतोडीला जायचो. दिवाळी झाली की टोळीबरूबर निघायचं, संगमनेरच्या बाजूला, आन उन्हाळा लागंस्तवर तिकडंच. ऱ्हायला पाचटाची कोपी, म्हंजी उसाच्या वाळल्या पाल्याचं खोपटं. टोळीत नवराबायकू मिळून एक कोयता धरायचे, पन आमच्यात चालायचा तिचाच. मी मोळ्या बांधायचो, त्या बी गाडीवर चढवताना सुटायच्या. मुकादम म्हनायचा, ह्याच्यापरीस बायकोला दोन हात जास्ती द्यायला पायजे हुते. लेक तवा लई लहान. ती फडाच्या कडंला पाचटाच्या सावलीत बसायची, वाढ्याच्या, म्हंजी उसाच्या शेंड्याच्या, बाहुल्या करायची.

त्या कोप्यांवर एक टोस्टवाला यायचा सायकलवर. मागं कॅरेजला पत्र्याची पेटी बांधलेली. पेटीचं झाकन उघडलं की असा वास सुटायचा की पाचट, शेन, धूर, सगळं इसरून जायचं. पेटीत टोस्ट, खारी, आन एका बाजूला ब्रेड. लेक पेटीसमोर जाऊन हुबी ऱ्हायची. मागायची न्हाई, नुसती हुबी. टोस्टवाला तिला म्हनायचा, "काय गं बाय, वास फुकट हाय, घे." आन ती खरंच नाकानं मोठ्ठा श्वास घ्यायची. कारभारीन तिला हाताला धरून आनायची. म्हनायची, "तो ब्रेड आजाऱ्याचा असतो. चांगल्या लेकरानं खायचा न्हाई." मंग रुसू नये म्हनून एका चपट्या दगडावर शेंगदाने आन गूळ घ्यायची, कोयत्याच्या मुठीनं चेचायची, त्यात चिमूटभर सुंठ टाकायची. कोपीत गारवा लई, लेकराला कफ हू नये म्हनून सुंठ. ते आदल्या दिवशीच्या भाकरीवर थापून द्यायची. लेक ते खाता खाता बी पेटीकडंच बघायची.

एका साली लेकीला ताप भरला. उतरंचना. उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आमी तिला संगमनेरच्या दवाखान्यात न्हेलं. कारभारीन तिला छातीशी धरून बसलेली, एक शब्द बोलंना. मी बोलत हुतो, कारन मला गप बसता येत न्हाई, भेव वाटलं की जास्तच बडबडतो. दवाखान्यात लेक कशानंच डोळं उघडत नव्हती. कारभारीन खाटंच्या पायाशी बसून ऱ्हायली, पाय धरून, कोन तरी वढून न्हील असं.

मंग एका सकाळी ताप उतरला. सिस्टर म्हनली, दूध आन ब्रेड द्या. लेक लोखंडी खाटंवर उठून बसली, पाय हालवत, आईनं दुधात बुडवून तोंडापशी धरलेला ब्रेड खाल्ला, वाटी चाटून पुसून काढली. आन आईकडं बघून म्हनली, "आई, मला परत ताप कवा यील?"

इतके दिस एकदा बी न रडलेली बाई, उठली आन पदर तोंडात घालून व्हरांड्यात गेली. वातावरन हलकं करावं म्हनून मी सिस्टरला म्हनलं, "मला बी ताप आलाय, मला बी ब्रेड द्या." सिस्टरनं खरंच माझ्या तोंडात काचेची नळी घातली, बघितली, आन मला वॉर्डाभाईर काढलं.

तवापास्नं आमच्या घरात ब्रेड न्हाई. लेकीनं हट्ट केला तरी न्हाई. मला हिवताप झाला तवा बी न्हाई, मला ज्वारीची पेज. मी म्हनलं, "अगं, एवढा थरथरतोय, एक ब्रेड?" तर म्हनली, "तुमी मरत न्हाई."

म्हंजी बघा कसं हाय. लेकीला वाटतं जगात ब्रेडसारखं सुख न्हाई, आन तिच्या आईला ब्रेड दिसला की ती खाट दिसती. एकाच ब्रेडवरनं दोघी दोन बाजूला गेल्या. आन मदी मी, दोघींचे निरोप इकडनं तिकडं न्ह्यायला. वाटंत निम्मे इसरायचो.

तर त्या दिवशी सकाळी मी बेकरीत गेल्तो. कारभारीन म्हनली हुती, चहा घ्या मंग जा. मी म्हनलं, लेकीकडं पिईन. लेकीनं मला आत बोलावलं, हात पिठानं कोपरापत्तर भरलेले. तो हात न लावू देनारा डबा उघडून दाखवला. शेंगदाना-गूळ. वास घेतला आन मी एकदम फडाच्या कडंला जाऊन बसलो, पाचटाच्या सावलीत.

म्हनली, "आबा, ही ज्वारीची लादी आन हा छोटा डबा आईसाठी. पाव म्हनून देऊ नका. आधी हे चाखाय लावा. तिनं तोंडात घातलं की ती आपसूक वळखंल. खाल्लं तर मला सांगा. न्हाई खाल्लं तरी खरं सांगा, काय तरी रचून सांगू नका." मंग परत म्हनली, "आन वाटंत खायचं न्हाई."

मी म्हनलं, मी काय लहान हाय का?

निघायच्या आधी जावयानं ठेच्याचं लोनी पुढं केलं. "मामा, बोटाच्या टोकावर घ्या. लोनी हाय म्हनून आधी कळत न्हाई, मागनं चढतंय." मी म्हनलं, "जावईबापू, तुमच्या पुन्यात चढत आसंल. आमी ठेच्यावरच वाढलो." आन चमचा भरून तोंडात घातला. आधी गार लागलं, ग्वाड बी लागलं. मी म्हनलं, ह्यात मिरची कुटं हाय? आन तेवढ्यात चढलं. कान गरम झाले. डोळ्यातनं धार. नाकातनं बी. जावई पानी आनाय पळाला. पन सासऱ्यानं जावयासमोर रडायचं न्हाई. मी एक गोल बन उचलला, आख्खा तोंडात कोंबला, लादी काखेत मारली, डबा हातात धरला आन दुकानातनं भाईर पडलो. पिशवी घ्यायचं ध्यान राहिलंच न्हाई.

हायवे वलांडला की ओढ्याच्या अंगाला आमची वस्ती. वस्तीच्या तोंडालाच विहार. विहाराच्या पायरीवर माझी चुलत वयनी मेथी निवडत बसलेली. वयनीला बातमी पोचवायला मोबाईल लागत न्हाई.

तिनं काय बघितलं ते सांगतो. समोरनं मी येतोय, भराभरा. काखेत ब्रेड. हातात डबा. डोळं लाल, गालावरनं पानी वाहतंय, तोंडातनं शब्द फुटंना.

वयनीच्या हातातली मेथी खाली पडली. "अगं बया! भावजी, कोन हाय दवाखान्यात? धाकली का?" धाकली म्हंजी माझी कारभारीन.

माझ्या तोंडात आख्खा बन. वर जाळ. मी हात हालवला. मला म्हनायचं हुतं, आत्ता काय इचारू नका. तिनं धरलं, आता काय राहिलं न्हाई.

"कवा न्हेलं? कुटं न्हेलं?"

मी आनिक हात हालवला आन पळालो. घरी न्हाई गेलो, कारन त्या तोंडानं घरी गेलो असतो तर कारभारनीनं हप्ताभर ऐकवलं असतं. ओढ्याकडच्या हापशावर गेलो. पानी प्यालो, चूळ भरली, परत प्यालो. पान्यानं उलटं जास्तच पेटलं. मंग लिंबाखाली बसलो. काखेत लादी हुतीच. म्हनलं, एक कोपरा मोडला तर कुनाला कळतंय. कोपरा खाल्ला, बरं वाटलं. दुसरा कोपरा खाल्ला. लादीला चारच कोपरे असत्यात, मंग मदलं बी खावं लागलं. लेकीचा शब्द मी पाळला म्हना, वाटंत न्हाई खाल्लं, हापशावर खाल्लं. डब्याला मातर हात लावला न्हाई. तेवढं माझ्या नावावर जमा धरा. पोट भरलं, सावली गार, डोळा लागला.

इकडं वयनी आमच्या घरी गेली. दाराला भाईरनं कडी. कारभारीन गेल्ती बांधाला शेळ्यांसाठी गवत कापाय. पन वयनीला काय म्हाईत. कडी बघितली आन तिची खात्री पटली. तितनं पुढं वस्तीवर घरोघर. आन वस्तीवरची मानसं एकदम भली. बातमी ऐकली की जो तो कपडं बदलून हायवेला पळाला, कारन रिकाम्या हातानं कसं जायचं? आन ब्रेड कुटं मिळतो? समोरच. लेकीच्या बेकरीत.

जावयानं मला हे मागनं सांगितलं. म्हनला, मामा, एकामागं एक गिऱ्हाईक. ब्रेड द्या, ब्रेड द्या. मी आत वरडून सांगितलं, अगं, गाव सुधारलं! ती आतनं म्हनली, मी म्हनलं नव्हतं का? मंग सगळ्यात शेवटी विहारापशी ऱ्हानारे एक म्हातारबाबा आले, ब्रेड घेतला आन जावयाकडं बघतच ऱ्हायले. म्हनले, "पाव्हनं, तुमची कमाल हाय बाबा. सासूला दवाखान्यात न्हेलंय आन तुमी दुकान उघडं ठिवून बसलाव?"

मी जागा झालो तवा ऊन डोक्यावर आलं हुतं. डबा घिऊन घराकडं निघालो. वळनावर आलो आन पाय थांबले. आमच्या दारात मानसंच मानसं. सगळी खाली बसलेली. कुनी बोलंना. दाराभाईर चपलांचा ढीग. आमच्याकडं दारासमोर अशी गर्दी, आन ती बी गप, म्हंजी त्याचा अर्थ एकच. तो कुनाला शिकवावा लागत न्हाई.

माझं तोंड तवा पयल्यांदा गार पडलं. सकाळी ती म्हनली हुती, चहा घ्या मंग जा. मी चहा न घेता गेल्तो. तेवढंच डोक्यात फिरत ऱ्हायलं. काय इनोद सुचंना, बडबड सुचंना. मी मघाशी म्हनलो ना, भेव वाटलं की बडबडतो. ते खोटं हाय. लई भेव वाटलं की मुका हुतो, ते मला त्या दिवशी कळलं.

वयनी उठली, माझा हात धरला. "भावजी, धीर धरा."

मी कसंबसं इचारलं, "कवा झालं?"

वयनी माझ्याकडं बघाय लागली. "आता ते तुमालाच म्हाईत की."

"मला कुटं म्हाईत? मी हापशावर हुतो."

"हापशावर? मंग तिच्यापशी कोन हाय? कुटल्या दवाखान्यात न्हेलंय ते कळंना म्हनून आमी हितंच वाट बघत बसलोय."

तेवढ्यात मागनं आवाज आला, "सरका, वाट द्या की." आन गर्दीतनं गवताचा भारा आला. भाऱ्याखाली कारभारीन. तिनं भारा तिथंच टाकला, सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं, हातातल्या ब्रेडकडं बघितलं, तोंड पांढरं पडलं.

"कोन गेलं?" ती म्हनली.

वयनी म्हनली, "तूच की, बाई."

मी मातीतच बसलो. मला हसावं का रडावं कळंना, मी दोन्ही केलं. कारभारनीनं मला एकदा बघितलं आन तिला बरंच कळलं. संसार करून तिला एवढी सवय झालीय की कुटं बी गोंधळ झाला की आधी माझ्याकडं बघती.

पन ती काय बोलायच्या आत जावयाची मोटरसायकल आली. लेक चालू गाडीवरनंच उतरली. कोपरापत्तर पीठ, केसात पीठ, पायात चप्पल न्हाई. आईला हुबी बघितली आन जागेवर थांबली. मंग पळत यिऊन अशी मिठी मारली की कारभारनीच्या लुगड्यावर पिठाचे दोन पंजे उठले. लेकीच्या तोंडातनं नुसतं आई, आई.

"अगं, मला काय झालंय? गवताला गेल्ते मी." कारभारीन तिच्या पाठीवरनं हात फिरवत हुती. "भट्टीवर कोन हाय?"

"कोन न्हाई."

"आन आत माल?"

"जळंना का."

कारभारनीनं लेकीचे हात हातात घेतले. मनगटापशी भट्टीचे चटके, जुने नवे. ते तिनं पयल्यांदाच बघितले असावेत, कारन दुकानात ती कवा आत गेलीच नव्हती. अंगठ्यानं एकेक चटका चाचपला.

"खाल्लंस का सकाळपास्नं?"

लेकीनं मान हालवली. न्हाई.

कारभारीन तिला घिऊन वट्ट्यावर बसली. आजूबाजूला खायला म्हनावं तर काय हुतं? आख्खी वस्ती ब्रेड घिऊन बसलेली. तिनं वयनीच्या हातातला पुडा वढला, फोडला, एक तुकडा मोडला. माझ्या हातात डबा दिसला. "त्यात काय हाय?" मी डबा पुढं केला. तिनं झाकन काढलं, तुकडा त्यात बुडवला आन लेकीच्या तोंडापशी न्हेला. त्या दवाखान्यात धरला हुता तसाच. लेकीनं तोंड मिटून घेतलं.

"आधी तू."

"अगं, तू उपाशी हायस."

"आधी तू खा. न्हाईतर मी बी न्हाई."

सगळी वस्ती बघत हुती. मला वाटलं, आता म्हनती का काय पौर्निमा. कारभारनीनं तुकड्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. लेक समोर बसलेली, चांगली, जित्ती, पिठानं माखलेली. आन तिनं तुकडा तोंडात घातला.

चावताना थांबली. परत चावली.

"ह्यात सुंठ घातलीस?"

"तूच घालायचीस. कोपीवर."

"मी घालत हुते व्हय?" तिच्या ध्यानातच नव्हतं. मंग हळू म्हनली, "हां. तुला कफ व्हायचा." आन दुसरा तुकडा मोडला, हा बी आधी सोताच खाल्ला, मंग लेकीला दिला. जावई गाडीपशी हुबा हुता, त्यानं तोंड फिरवून टाकीवरची धूळ पुसायला घेतली. तिथं धूळ नव्हती.

वस्तीवाले मातर तसेच बसलेले, ब्रेड मांडीवर घिऊन. आता ह्याचं करायचं काय, हा प्रश्न. वयनी म्हनली, "धाकले, आता तू तर चांगली हायस. मंग हा खायचा कुनी?"

कारभारीन म्हनली, "मी आजारी पडते घटकाभर. तुमी खा."

मंग जे पुडे फुटले! कुनी घरनं चटनी आनली, कुनी लसून, चहाचं आधन चढलं. जावई जाऊन लोन्याचा डबा घिऊन आला, ठेच्याचा बी घिऊन आला. मी ठेच्याकडं पाठ करून बसलो. म्हातारबाबा चहात ब्रेड बुडवून म्हनले, "मी ह्यो असा पयल्यांदाच खातोय, अंगात काय नसताना." कुनी इचारलं, हा दुसरा काळपट कसला? लेकीनं सांगितलं, ज्वारीचा. तर तो बी संपला. लेक हसत हुती आन मदनंच डोळं पुसत हुती, त्यामुळं तोंडावर पिठाच्या वल्या रेघा उठल्या हुत्या. ती मला इचारायला लागली, "आबा, मी दिलेली लादी कुटं हाय?" मी म्हनलं, ती पन वाटून टाकली. कुनात वाटली ते न्हाई सांगितलं.

शेवटी मानसं पांगली. वट्ट्यावर आमी चौघंच. मला वाटलं, आता आपला मान घ्यायला हरकत न्हाई. मी म्हनलं, "बघा, जाहिरात करायला लोक काय काय करत्यात. मी नुसता वस्तीतनं चालत गेलो तर दुकान रिकामं झालं. आन जे तुमच्या आईनं इतकी वर्सं खाल्लं न्हाई ते खाल्लं. ते बी माझ्यामुळंच. उद्यापास्नं मी रोज सकाळी ब्रेड घिऊन गावातनं फिरतो. लेकीला तेवढाच हातभार."

कारभारीन डब्याच्या कडंचं शेंगदान्याचं पुसून घेत हुती. बोट चाटून झालं, मंग माझ्याकडं बघितलं.

"फिरू बिरू नका," ती म्हनली. "त्यापरीस तुमी खरंच दवाखान्यात जाऊन पडा. लेकीचं दुकान बी चालंल, आन घरात जरा शांतता बी हुईल."